तोंडलीची काडी

तोंडलीचं बी पेरून मांडव उभा करणारा शेतकरी शोधून सापडायचा नाही. बी रुजत नाही असं नाही. पिकलेल्या लाल फळातलं बी कावळ्या-बुलबुलांच्या विष्ठेतून कुंपणाखाली पडतं आणि पहिल्या पावसात सहज उगवतं. प्रश्न पुढचा असतो. उगवलेली वेल नर की मादी, हे फूल येईपर्यंत कळत नाही, आणि तोवर दोन-तीन महिने पाणी, खत आणि मांडवावरची जागा तिला देऊन झालेली असते. काकडी, दुधी, भोपळा, दोडका या सगळ्या भावंडांत एकाच वेलीवर नर आणि मादी दोन्ही फुलं येतात. तोंडलीत तसं नाही. करटोली आणि परवलाप्रमाणे इथेही नर वेगळा, मादी वेगळी, आणि फळ फक्त मादीवर.

ओळखायची खूण अगदी सोपी आहे. दोन्हींची फुलं पांढरी, पाच टोकांची, आकारानेही जवळपास सारखी. वरून बघून काही कळत नाही. फूल उलटं करून देठाकडे बघायचं. पाकळ्यांच्या खाली बोटाच्या नखाएवढं हिरवं तोंडलं आधीच तयार असेल तर मादी. देठ सरळ फुलात शिरला असेल तर नर. वनस्पतिशास्त्रज्ञांना मात्र या वेलीत याहून मोठं नवल दिसलं. हिच्या पेशीत २४ गुणसूत्रं असतात, आणि नर वेलीत त्यांतलं एक, म्हणजे वाय गुणसूत्र, बाकी सगळ्यांपेक्षा इतकं मोठं असतं की सूक्ष्मदर्शकाखाली ते लगेच नजरेत भरतं. माणसात वाय हे सगळ्यांत छोट्या गुणसूत्रांपैकी एक. तोंडलीत ते सगळ्यांत थोरलं. वनस्पतींत लिंग कसं ठरतं याचा अभ्यास करणारे लोक म्हणून या बाजारातल्या साध्या भाजीकडे गेली कित्येक दशकं वळून वळून येतात.

शेतकऱ्याला यातून एवढंच घ्यायचं असतं की बियांतून निम्म्याच्या आसपास वेली नर निघणार. शिवाय रानच्या परागाचा संकर झाला असेल तर मादी वेलीची फळंही कडू निघू शकतात, कारण कुंपणावरची रानतोंडली बहुधा कडूच असते. म्हणून सगळा कारभार काडीवर. चांगल्या मादी वेलीची काडी घ्यायची, लावायची, ती वाढली की तिची काडी पुढे द्यायची. एका मांडवावरच्या हजार वेली बहुतेक वेळा एकाच मूळ वेलीचे तुकडे असतात. नवीन पिढी अशी झालेलीच नसते. तीच वेल जागा बदलत राहते. तोंडलीच्या शेतीत जे काही गुंतागुंतीचं आहे, जे हातून सुटतं आणि जे साधतं, ते सगळं या एका गोष्टीशी येऊन भिडतं, असं मला वाटतं.

काडी कुठली घ्यायची यात फार लोक घाई करतात. वेलीचा शेंडा कोवळा, हिरवा आणि हाताला लवचिक लागतो, म्हणून तोच तोडून लावावा असा मोह होतो. तो चार दिवसांत कुजतो, कारण त्यात साठवलेलं अन्न नसतं. अगदी बुंध्याजवळचं जून, साल फुटलेलं खोड फुटतं, पण फार सावकाश आणि मोजक्या डोळ्यांनी (डोळा म्हणजे पेरावरची कोंब फुटायची जागा). मधला भाग उत्तम: पेन्सिलीइतका जाड, रंग हिरव्याकडून भुरकटाकडे झुकलेला, पेरं जवळजवळ. २० सेंटिमीटरच्या आसपास लांबी आणि चार डोळे एवढं पुरे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरपा घ्यायचा, वरचा काप डोळ्याच्या वर बोटभर जागा सोडून सरळ. हा तिरपा-सरळ भेद फक्त मुळांसाठी नसतो. शंभर काड्यांची मोळी बांधली की कुठलं टोक खाली जायचं हे त्यावरूनच कळतं, आणि उलटी लावलेली काडी धड फुटत नाही. पानं सगळी काढून टाकायची. मुळं नसलेल्या काडीला पानांतून उडणारं पाणी परवडत नाही.

दोन डोळे मातीत, दोन वर. माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि वाळू समप्रमाणात मिसळून भरलेल्या पिशवीत काडी रोवली की दहा-पंधरा दिवसांत वरचे डोळे फुटतात. इथेच सगळ्यांत जास्त काड्या मरतात. हिरवा कोंब दिसला की काडी जगली असं वाटतं आणि लोक ती उचलून शेतात नेतात. पण तो कोंब काडीतल्या साठ्यावर आलेला असतो. खाली मुळं अजून धरलेलीच नसतात. पिशवी हलली, मातीचा गड्डा फुटला, की दोन दिवसांत कोंब माना टाकतो. सहा ते आठ आठवडे थांबायचं. पिशवीच्या तळाच्या भोकांतून पांढरी मुळं डोकावली की मगच हलवायची. पिशव्यांची खटपट नको असेल तर खड्ड्यात थेट दोन-तीन काड्या लावून, जगलेल्यांतली सर्वांत जोमदार एक ठेवायची ही जुनी रीतही चांगली आहे. तिच्यात काड्या जास्त लागतात, पण मुळं एकदा धरली की त्यांना कुणी हलवत नाही.

लागवडीचे दोन हंगाम. जून-जुलै, म्हणजे पाऊस स्थिरावल्यावर, किंवा फेब्रुवारी-मार्च, जर पाण्याची सोय असेल तर. कोकणात पावसाळी लागवडीत एकच गोष्ट जीव घेते: तुंबलेलं पाणी. तोंडलीचं मूळ कंदासारखं मांसल असतं. तेच तिला वर्षानुवर्षं जगवतं आणि तेच पाण्यात सर्वांत आधी कुजतं. भातखाचराच्या जमिनीत खड्डा खणून लागवड केली तर त्या खड्ड्याचं हौद होतं. तिथे उलट करायचं. ४५ सेंटिमीटर लांब-रुंद-खोल खड्डा भरून घ्यायचा आणि त्यावर वीतभर उंचवटा करून काडी त्या उंचवट्यावर लावायची. खड्ड्यात पाच ते आठ किलो शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड. निंबोळी पेंडीचा फायदा सूत्रकृमींच्या बाबतीत दिसतो; मुळांवर गाठी करणाऱ्या या कृमींनी एकदा बस्तान बसवलं की वेल मरत नाही, पण वर्षभर पिवळी आणि खुरटी राहते. वेलींतलं अंतर दोन बाय दोन मीटर धरलं तर एकरात साधारण हजार वेली बसतात. पहिल्या वर्षी हे अंतर फार मोकळं वाटतं आणि मध्ये आणखी वेली घुसवाव्याशा वाटतात. दुसऱ्या वर्षी मांडव असा भरतो की त्याखाली ऊन पोचत नाही. घरच्या अंगणात किंवा गच्चीवर लावायची असेल तर तीस-चाळीस लिटर माती मावेल असं भांडं हवं. वर्षाला वेलीमागे पाच-सहा किलो फळ हे मध्यम मानाचं गणित. चांगल्या मांडवावर त्याच्या दुपटीलाही जातं. चार माणसांच्या घराला दोन-तीन वेली हव्यात.

आता नराचा प्रश्न. बागेत नर वेल ठेवायची की नाही, यावर दोन शेतकऱ्यांचं कधी एकमत होत नाही, आणि दोघंही आपापल्या मांडवापुरते बरोबर असू शकतात. लागवडीतल्या बऱ्याच तोंडली परागाशिवाय फळ धरतात. अशा वेलींची फळं नर नसतानाही नीट वाढतात, आत बिया पोचट राहतात आणि भाजीला अशी फळं उलट जास्त चांगली. पण सगळ्याच तशा नसतात. ज्यांना पराग लागतो त्यांच्यावर नर नसेल तर फुलामागचं चिमुकलं तोंडलं चार-पाच दिवस हिरवं राहतं, मग देठापासून पिवळं पडतं आणि गळतं. हे बघून लोक खत वाढवतात, पाणी वाढवतात, फवारणी करतात. आधी आपली वेल कुठल्या प्रकारातली हे तपासायला हवं: दहा-बारा मादी कळ्या उमलायच्या आदल्या संध्याकाळी कापडाच्या पिशवीत बांधायच्या, किडा आत जाणार नाही अशा, आणि फूल मावळल्यावर पिशवी काढायची. फळं वाढली तर नराची गरज नाही. गळली तर दहा मादी वेलींमागे एक नर, तोही एका कोपऱ्यात नाही तर मांडवात पसरून, म्हणजे मधमाशांना लांब जावं लागणार नाही. आणि मग सकाळच्या वेळी कुठलीही फवारणी नको. काडी मागून आणताना म्हणूनच एक चौकशी करायची असते: ज्या मांडवावरून ही काडी आली तिथे नर आहे का? नसेल आणि तिथे फळ लागत असेल, तर काडीबरोबर तो गुणही आपल्या घरी आला.

मांडवावर खर्च करताना हात आखडू नये. तोंडलीची वेल जमिनीवर पसरली तरी फळ धरते, पण मातीला टेकलेलं फळ कुजतं, पानांआड लपतं आणि फळमाशीला आयतं सापडतं. मांडवाची उंची तोडणाऱ्याच्या मापाची हवी. बहुतेक ठिकाणी तोडणी बायका करतात, आणि पुरुषांच्या उंचीने बांधलेल्या मांडवाखाली त्यांना दिवसभर हात वर ताणून काम करावं लागतं. साडेपाच फूट मला योग्य वाटतं: वर बघून फळ दिसतं आणि कोपर खांद्याच्या फार वर जात नाही. खांब दोन-अडीच मीटरवर, कडेचे खांब बाहेरच्या बाजूला किंचित कललेले आणि जमिनीत गाडलेल्या दगडाला तारेने ताणलेले. कडेने जाड तार फिरवायची आणि आत १४ गेजच्या तारेची सुमारे दीडेक फुटाची जाळी विणायची. मांडव कोसळतो तो फळांच्या वजनाने नव्हे. जुलैच्या पावसात ओली झालेली पानं आणि त्यात शिरणारा वारा यांनी आधी कडेचा एक खांब सरकतो, आणि मग सगळी जाळी त्याच्याकडे ओढली जाते. म्हणून कडेच्या ताणांवर पैसा घालायचा, मधल्या खांबांवर थोडा कमी केला तरी चालतो.

वेल मांडवाला पोचेपर्यंत तिला सुतळीने एकाच खोडावर वर न्यायचं आणि खालच्या सगळ्या फुटी खुडत राहायचं. मांडवावर टेकली की शेंडा मारायचा. तिथून फुटणाऱ्या आडव्या फांद्यांवरच पुढचं सगळं पीक येतं. नत्र जास्त झालं तर मांडव इतका काळाभोर हिरवा होतो की बघणाऱ्याला आनंद वाटावा, पण त्या हिरवाईत फुलं मोजकी असतात. शेणखतावर भर आणि वरखत थोडं-थोडं, तोडे सुरू झाल्यावर, हे धोरण बरं.

लागवडीपासून अडीच-तीन महिन्यांत पहिला तोडा येतो. फूल उमलल्यापासून आठ-दहा दिवसांत फळ तोडणीला तयार होतं, आणि मग त्याच्यापाशी वेळ फार थोडा असतो. दर दोन-तीन दिवसांनी मांडवाखालून फिरावंच लागतं. बोटभर लांब, घट्ट, पांढऱ्या रेघा ठळक दिसणारं, कापल्यावर आतून पांढरट-हिरवं आणि बिया अजून चिकट-कोवळ्या असलेलं तोंडलं बाजाराचं. दोन दिवस राहिलं की आतून फिकट केशरी दिसायला लागतं आणि चवीला आंबूस. आणखी चार दिवसांत ते बाहेरून लालभडक, मऊ, गोडसर. संस्कृत कवींनी ओठांना ज्या बिंबफळाची उपमा दिली ते हेच पिकलेलं तोंडलं, आणि ते वेलीवर बघितलं की ती उपमा किती नेमकी आहे हे पटतं. मांडवावर मात्र ते लाल फळ म्हणजे तोडणाऱ्याच्या नजरेतून सुटलेली जागा. तेवढं एक फळ वाया गेलं, इतकाच हिशोब नसतो. आत बिया पक्व होऊ लागल्या की वेलीचं अन्न त्यांच्याकडे वळतं आणि त्या फांदीवरची नवी फुलं कमी होतात. काकडी कुळातल्या सगळ्याच वेलींची ही रीत आहे: बी तयार झालं की वेलीच्या लेखी काम संपतं. तोंडलीची शेती म्हणजे त्या वेलीला तिचं काम कधी संपू न देणं. म्हणून लाल झालेली फळं पक्ष्यांसाठी सोडू नयेत; पहिल्या फेरीतच काढून टाकावीत. पक्ष्यांची सोय कुंपणावरची रानतोंडली करतेच.

पक्षी काय करू शकतात हे हवाई बेटांनी बघितलं आहे. तोंडली तिथली नाही. काकडी-दुधी ही लांबची नाती सोडली तर तिची जवळची, म्हणजे तिच्याच प्रजातीतली, जवळजवळ सगळी भावंडं आफ्रिकेत आहेत. तिथून भारत आणि आग्नेय आशियापर्यंत पसरलेली ही एकटीच. पॅसिफिकमधल्या बेटांवर ती भाजी म्हणून माणसांच्या हातून गेली, आणि लाल फळं खाणाऱ्या पक्ष्यांनी तिला रानात नेलं. हवाई आणि ग्वाममध्ये तिने झाडांवर, कुंपणांवर, विजेच्या तारांवर असं पांघरूण घातलं की खालची झाडं उन्हाअभावी मरू लागली. मांसल मुळामुळे वरून कापलं तरी ती पुन्हा फुटे. शेवटी हवाईत केनियाहून तिचे मूळचे शत्रू आणावे लागले: १९९६ मध्ये खोड पोखरणाऱ्या अळीचा पतंग, १९९९ मध्ये दोन प्रकारचे सोंडे. आपल्याकडे तोंडलीवर येणाऱ्या किडींना आपण शिव्या घालतो, त्या घालाव्यातच, पण त्यांच्यामुळे ही वेल आपल्या रानात मापात राहिली आहे हेही खरं.

त्या किडींत पहिला मान फळमाशीचा. मादी माशी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. त्या जागी सुईच्या टोकाएवढा डाग आणि कधी कधी डिंकाचा बारीक थेंब दिसतो. एक-दोन दिवसांत अळ्या निघतात, गर खातात, फळ त्या बाजूला वाकडं होतं, वेळेआधी पिवळं पडतं आणि गळतं. अळ्या मग मातीत उतरून कोषात जातात. उन्हाळ्यात हे चक्र दोन-तीन आठवड्यांत पुरं होतं, म्हणजे एका हंगामात पिढ्यांवर पिढ्या. औषध फळाच्या आतल्या अळीपर्यंत पोचत नाही आणि दर तीन दिवसांनी तोडायच्या भाजीवर विष मारणं कुठल्याच हिशोबात बसत नाही. उपाय दोन आहेत आणि दोन्ही कंटाळवाणे. गळलेलं आणि वाकडं झालेलं प्रत्येक फळ उचलून दोन फूट खोल पुरायचं, किंवा काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून आठवडाभर उन्हात ठेवायचं. बांधावर फेकलेलं फळ म्हणजे पुढच्या पिढीची सोय. दुसरा उपाय सापळा, आणि इथे कोकणात एक चूक सर्रास होते. आंब्याच्या बागेत लावलेल्या सापळ्यांतलं मिथाइल युजेनॉलचं आमिष घरात असतं, तेच तोंडलीच्या मांडवाला टांगलं जातं. त्यात आंब्याची माशी भरपूर सापडते, आणि सापळा काम करतोय असं वाटतं. वेलवर्गीय भाज्यांची फळमाशी वेगळी. तिला क्यू-ल्यूरचं आमिष लागतं. एकरी आठ-दहा सापळे, फळांच्या उंचीला, सावलीत, आणि आमिष दीड-दोन महिन्यांनी बदललेलं. त्यात नरच सापडतात, म्हणून माश्या वाढल्यावर सापळे टांगून फार उपयोग नाही. पहिली फुलं दिसली की लावायचे. वेळेवर, कोवळी तोडणी हाही एक संरक्षणाचाच भाग आहे, कारण जे फळ वेलीवर राहिलंच नाही त्यात अळी कुठून वाढणार.

बाकीचे त्रास लवकर सांगून टाकतो. पेरांवर फुगीर गाठी दिसल्या तर आत गाठमाशीच्या अळ्या असतात. ती फांदी गाठीखाली कापून जाळायची. पानांवर पांढरी पूड म्हणजे भुरी, थंड-कोरड्या हवेत आणि दाट मांडवात. गंधकाची फवारणी चालते, पण भर उन्हात मारली तर पानं करपतात. मावा आणि पांढरी माशी यांच्यापेक्षा त्यांच्यामागून येणारा विषाणू जास्त घातक. पानं चितकबरी, आकसलेली, फळं गाठाळ. या वेलीला औषध नाही, उपटायची.

स्वयंपाकघरात तोंडली येते तेव्हा तिच्याशी दोन तऱ्हेने वागता येतं, आणि त्या दोन्हींत पाण्याचाच प्रश्न असतो. काचऱ्यांना पाणी नको: पातळ गोल चकत्या, लोखंडी कढई, सढळ तेल, मोहरी-हिंग-हळद, आणि झाकण न घालता मध्यम आचेवर चकत्यांच्या कडा तपकिरी होईपर्यंत. मीठ शेवटी. आधी घातलं की तोंडली पाणी सोडते आणि परतण्याऐवजी शिजते. मग ती कुरकुरीत होणं शक्यच नाही. लग्नाच्या पंगतीतल्या मसालेभातात तोंडली लागते ती तिच्या चिवट सालीसाठी: बटाटा फुटतो, वांगं विरघळतं, तोंडली भातात अख्खी राहते. दोन वाट्या तांदळाला पाव किलो तोंडली, लांब चार फाका करून. फोडणीत आधी फाकाच परतायच्या, पाच-सात मिनिटं, सालीवर फोड उठेपर्यंत. मगच धुऊन निथळलेले तांदूळ, गोडा मसाला आणि चार वाट्या आधणाचं पाणी. फाका कच्च्या राहिल्या तर भात शिजेपर्यंत त्या पाणी सोडत राहतात आणि भात चिकट होतो. फाल्गुन-चैत्रात ओले काजूगर येतात तेव्हा कोकणात आणि गोव्यात त्यांच्याबरोबर तोंडली करतात, वर ओलं खोबरं, आणि ती भाजी काजूपेक्षा तोंडलीसाठी खाल्ली जावी इतकी तिला त्यातून गोडी येते. कारवार-मंगळूरकडच्या सारस्वत घरांत तोंडली बत्त्याने फक्त तडकवून, ठेचलेली लसूण आणि सुक्या मिरचीबरोबर खोबरेल तेलात परततात. सुरीने कापलेल्या फोडीला जी चव कधी येत नाही ती त्या तडकलेल्या चिरांतून आत गेलेल्या लसणीने येते. थाई लोक तर फळाकडे फारसं बघतही नाहीत. त्यांना हिचे कोवळे शेंडे आणि पानं हवी असतात, सूपमध्ये. मांडवाचे खुडलेले शेंडे आपण बैलाला घालतो, ते एकदा डाळीत घालून बघावेत.

तोंडली खाल्ली की बुद्धी मंद होते, हे लहान मुलांना सांगायची पद्धत जुनी आहे. एका संस्कृत सुभाषितातही तसा आरोप आहे. त्याला कुठला आधार नाही. आवडत नसलेली भाजी ताटात टाकायला मुलांना एक निमित्त मिळतं, एवढाच त्याचा परिणाम दिसतो.

आणलेली तोंडली प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये. तोडल्यावरही ती पिकत राहते आणि बंद पिशवीत दोन दिवसांत आतून लाल होते. कोरड्या कापडात, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पाच-सहा दिवस नीट टिकते. लंडन-न्यू जर्सीच्या गुजराती दुकानांत टिंडोरा म्हणून मिळणारी तोंडली विकत घेताना एक-दोन फळं मध्ये मोडून बघावीत. लांबच्या प्रवासात ती बाहेरून हिरवी आणि आतून केशरी झालेली असते.

फळं नव्या फुटीवर येतात, जुन्या फांदीवर नाही. हे एवढं लक्षात ठेवलं की छाटणी कशासाठी हे वेगळं सांगावं लागत नाही. पावसाळी तोडे संपले, फळं बारीक आणि वाकडी यायला लागली, की मांडव मोकळा करायचा. काही जण बुंध्यापासून दीड-दोन फुटांवर सरसकट कापतात. त्यात रोग-कीड सगळी एका झटक्यात जाते, पण वेलीला मांडवापर्यंत पुन्हा चढावं लागतं. मुख्य खोड मांडवापर्यंत ठेवून आडव्या फांद्या दोन-तीन डोळ्यांवर कापल्या तर सहा आठवड्यांच्या आसपास पुन्हा फुलं दिसतात. मांडव निरोगी असेल तर ही दुसरी रीत, भुरी आणि गाठमाशी फार झाली असेल तर पहिली. कापांना बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, मग आळ्यात शेणखत आणि पाणी. तीन-चार वर्षं एका लागवडीवर काढावीत. त्यापुढे खोड जुनाट होतं आणि फळाचा आकार उतरतो.

छाटणीच्या दिवशी मांडवाखाली काड्यांचा ढीग पडतो आणि ज्यांना नवी लागवड करायची ते त्याच ढिगातून मोळ्या बांधून नेतात. हे बंद व्हायला हवं. ढिगात जास्त काड्या कुठल्या वेलीच्या असतात? ज्यांनी फळ कमी धरलं आणि फांद्या जास्त वाढवल्या त्यांच्या. मांडवावर एखादी नर वेल असेल तर तिच्याही. आणि विषाणू ज्या वेलीत शिरला ती वेल छाटणीच्या वेळी पानं झडलेली असल्याने निरोगी वेलीपासून वेगळी ओळखूच येत नाही. बियांतून पीक घेणाऱ्याला निसर्ग दर पिढीला थोडी नवी सुरुवात करून देतो. काडीवर चालणाऱ्या पिकात आधीच्या मांडवावरचा गुण आणि रोग दोन्ही जसेच्या तसे पुढे जातात. केरळ कृषी विद्यापीठाची ‘सुलभा’, रायपूरच्या कृषी विद्यापीठाची ‘इंदिरा कुंदरू’ हे वाणही असेच: चांगली वेल हेरायची, पारखायची आणि तिच्या काड्या वाढवायच्या. तेच काम प्रत्येक मांडवावर होऊ शकतं.

निवड भर तोडणीत करायची. सलग पाच-सहा तोड्यांत ज्या वेलीने सारख्या आकाराची फळं दिली, जिची पानं स्वच्छ राहिली, जिच्या फळांत कडू एकही निघालं नाही, अशा दहा-बारा वेलींच्या बुंध्याला रंगीत सुतळी बांधायची. कडवटपणा जिभेनेच तपासावा लागतो. कच्च्या फळाची पातळ चकती पुरते. पान आकसलं किंवा चितकबरं दिसलं की त्या वेलीची सुतळी सोडायची. छाटणीला आधी सुतळीवाल्या वेली कापायच्या, बाकीचा मांडव नंतर, आणि प्रत्येक वेलीनंतर कात्रीची पाती स्पिरिटने पुसायची. या काड्यांच्या मोळ्या वेगळ्या, तिरपा काप एका बाजूला, ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत. दोन-तीन दिवसांत लागल्या तर बहुतेक सगळ्या फुटतात. त्यापुढे डोळे सुकायला लागतात. कुणाला द्यायच्या असतील तर मोळीबरोबर सांगावं: वेल पाच-सहा तोडे पारखलेली आहे, मांडवात नर नाही आणि तरी फळ धरते, किंवा आहे आणि त्याच्या दोन काड्या लाल दोऱ्याने वेगळ्या बांधल्या आहेत.